पंधरा कवड्यांचं वैर

फुलसावंगीजवळचा आपला तांडा
९ डिसेंबर २००६

जमने,

जय सेवालाल. पत्र माहं आहे, रामीचं. अक्षर पाहून विजयमाला हसली असेल तर हसू दे. साक्षरतेच्या वर्गातल्या मास्तरनं एवढंच शिकवलं, पुढचं शिकवायच्या आधी त्याची बदली झाली. अन् आपली गोरबोली लिहायले गेली की माहा हात अडते, म्हणून मराठीत लिहून राह्यली. विजयमाला, तू जमनीची सून, तूच वाचून दाखवशील हे मले माहीत आहे. जोरात वाच, तुही सासू डाव्या कानानं कमी ऐकते. ती म्हणाली 'फेकून दे', तर म्हण की मागची बाजू कोरी आहे, कामी येईल, अन् वाचत राह्य.

फोन केला असता. मागं दोनदा केला, तू आवाज ओळखून ठेवून देला. पत्र असं मधात ठेवता येत नाही.

तर झालं काय, माही नात बबिता, धरमसिंगाची पोट्टी, पुण्याले इंजिनेर होऊन राह्यली ती, मैत्रिणीच्या स्कूटीवरून पडली अन् पाय मोडून घरी आली. गुडघ्यापासून खाली पिलास्तर. आता तिले ठेवू कुठं? घरात कापूस. दोन वेच्यांचा सगळा कापूस घरात. धरमसिंग म्हणते, या भावात देत नाही, खरेदी सुरू होऊ दे. रोज दिग्रसले जाते अन् रोज तोंड पाडून येते. मधली खोली आढ्यापर्यंत भरली, देवसुद्धा पडवीत आले. शेवटी पोट्टीले त्याच ढिगावर झोपवलं. राणी दिसते बाप्पा पांढऱ्या गादीवर! फक्त दिवसभर खाजवते.

पडल्या पडल्या तिनं एक खेळ काढला. होस्टेलात खेळतात म्हणे. पट नाही, पत्ते नाही, सोंगट्या नाही. एक जण गोष्ट सांगते अन् बाकीचे त्या गोष्टीतले माणसं होतात. पण माणूस असा उगाच होता येत नाही, आधी बनवा लागते. प्रत्येकाले शंभर गुण. ताकद पायजे? त्यातले मोज. अक्कल पायजे? आणखी मोज. संपले की माणूस तयार, आता जसा बनवला तसा जग. जमने, अडुसष्ट वर्षं झाली मले, कोणी इचारलं नव्हतं की रामीबाई, तुले काय काय पायजे.

पुढं ऐक. उणं घेतलं, म्हंजे माणूस लंगडा केला, भित्रा केला, की गुण परत भेटतात. मी म्हटलं, थांब, हे मले येते! हे तर सरवेसारखं आहे. तो कार्डाचा सरवे आठवते का? पंखा आहे का? नाही. संडास आहे का? नाही. जेवढं जास्त नाही तेवढं कार्ड पक्कं. मी तर कोंबड्यासुद्धा शेजारी नेऊन ठेवल्या होत्या. तर मी सांगत गेली अन् बबिता लिहीत गेली. आंधळी लिही. बहिरी लिही. लंगडी, दमेकरी, विंचवाले भेणारी लिही. एवढे गुण परत आले की विचारू नको. सगळ्याची ताकद घेतली. बबिता म्हणे, "आजी, जरा विचार कर वो." मी म्हटलं, "तू इंजिनेर होशील तेव्हा होशील, सरवे मी तीन पाहिले."

गोष्ट सुरू झाली. तांड्यातून बाहेर निघायचं होतं, बस. माही बाई उठली, हत्तीसारखी ताकदवान, अन् दहाव्या पावलाले हिरीत पडली. लोकांनी दोर टाकला तर दिसत नाही, आवाज देला तर ऐकू येत नाही. मेली. मी एवढी हसली की कापसाचा ढीग माह्या अंगावर आला.

बबिता म्हणे, "आजी, सरवेत उणं नुसतं सांगायचं असते. इथं ते घेऊन चालायचं असते."

आम्ही तीन जण खेळतो. गोष्ट सांगणारी बबिता, मी, अन् माहे दीर खेमसिंग भाऊजी. खेळाले चार लागतात. चौथी जागा रिकामी आहे. मी कोणाचं नाव घेतलं नाही. सांगून ठेवते, बस.

तुही रामी

* * *

२० डिसेंबर २००६

जमने,

उत्तर आलं नाही. म्हंजे पत्र पोचलं.

दुसरी बाई बनवली. हिचं नाव हंसली. आता बबितानं हद्द घालून देली, उण्याचे चाळीसच गुण परत भेटतील, जास्त नाही. अन् गोष्टही बदलली. तिच्या पुस्तकात तिकडचे किल्ले अन् आग ओकणारे साप होते. मी म्हटलं, हे कोणाच्या घरचं? आपल्या आज्याची लदेणी सांग. शंभर बैल, पाठीवर मिठाच्या गोण्या, डोंगर उतरून गावोगाव. तिले काय माहीत लदेणीचं! बैलावर गोणी कशी टाकतात ते माहीत नाही अन् गोष्ट सांगायले निघाली. ती दोन वाक्यं सांगते, मी एक दुरुस्त करते. काल चिडली. "आजी, खेळ मी चालवून राह्यली का तू?" मी म्हटलं, "खेळ तू चालव, बैल मले चालवू दे."

खेमसिंग भाऊजींचं ऐक. तीन दिवस विचार केला अन् विचारलं, "मले बैल होता येईल का?" पुस्तकात बैलाचं काही लिहिलेलं नाही. पण पोट्टी हुशार, म्हणे होता येते. बोलता येत नाही याचे गुण परत देले, त्याची ताकद अन् दम घेतला. आता ते लदेणीच्या पुढचा बैल. जेव्हापासून खेळ सुरू झाला, मान हलवूनच हो-नाही सांगतात. घरी जेवतानाही तसंच. त्यांच्या सुनेनं परवा धरमसिंगाले बोलावलं, म्हणे मामंजींले काही झटका तर नाही आला.

माही अडचण आकड्यांची. कागदावर लिहिलं की माह्यानं पाहून होत नाही. म्हणून मी कपडा घेतला. एका गुणाची एक कवडी. उजवीकडं जे घेतलं ते शिवलं, डावीकडं जे उणं ते. हात लावला की समजते हंसली कशी आहे. कोणता कपडा ते नको विचारू, जुना आहे एक.

उजवीकडं वाट ओळखणं आहे, गोफण आहे, बैलांची बोली समजणं आहे. अन् पंधरा कवड्यांचा मान आहे. म्हंजे तांड्यात हंसलीचा शब्द कोणी मोडत नाही. मान तर पायजेच. डावीकडं एक डोळा नाही, पाण्याची भीती आहे, गुळाची हाव आहे. तरी पंधरा कमी पडत होते. बबिता म्हणे, "एखादं वैर घे. एका माणसाशी बोलायचं नाही अशी शपथ. जेवढं जवळचं माणूस तेवढे जास्त गुण."

"सख्खी बहीण असली तर?"

"पंधरा."

मी म्हटलं, लिही. पंधरा कवड्या फुकट! मी तर नऊ वर्षांपासून करूनच राह्यली अन् मले कोणी एक कवडी देली नाही.

फासे तीन असतात. परातीत टाकायचे. ठिपके बबितानं सांगतलेल्या आकड्याएवढे नाहीतर कमी आले की फत्ते, जास्त आले की गेलं. परात काहून, तर एकदा फासा कापसात उडाला अन् आम्ही दीड घंटा चाळत बसलो.

विजयमाला, तिले विचार हसली का. खोटं सांगू नको.

तुही रामी

* * *

३ जानेवारी २००७

जमने,

तुहं कार्ड भेटलं. नऊ वर्षांनी एक ओळ. "तुह्या घरचे उंदीर अजून सरळ रेघेत कुरतडतात का?" विजयमालेचं अक्षर चांगलं आहे. बबितानं वाचलं अन् म्हणे, "आजी, कोणते उंदीर?" मी म्हटलं, कापसातले. पोट्टी माह्याकडं पाहतच राह्यली.

आपल्या मायची, आपल्या याडीची लग्नातली फेटिया, तो आरसे लावलेला घागरा, उंदरांनी मधात कुरतडली होती. म्हणून मी तिचे दोन भाग केले, अर्धी तुले, अर्धी मले, सारखी. तेराव्याच्या दिवशी साऱ्या तांड्यासमोर हेच सांगतलं. आताही तेच... बरं, ते राहू दे. नदीचं सांगते.

लदेणी पैनगंगेवर येऊन थांबली आहे. पूर आलेला. मागून पाऊस येऊन राह्यला, गोण्यांतलं मीठ वितळायले लागलं. पलीकडच्या तांड्यांत चार महिन्यांपासून मीठ नाही. मागं फिरलो तर मीठ गेलं, पुढं गेलो तर बैल गेले. अन् उताराची वाट एकाच बाईले माहीत आहे, ती पल्याडच्या काठावर बसून आहे. मी म्हटलं, मग आवाज दे तिले!

बबिता म्हणे, "दे. ती हंसलीची सख्खी बहीण आहे."

"ही कुठून आणली तू?"

"मी कायले आणू? तूच आणली. पंधरा गुण मोजून घेतले ना."

जमने, मी लय उपाय केले. हात हलवले. ती पाहत नाही. गोफणीनं गोटा टाकला, तिच्या पायाशी पडला. तिनं तो उचलून नदीत फेकला. मग मी खेमसिंग भाऊजींले म्हटलं, तुम्ही हाक मारा. ते असे हंबरले, असे हंबरले, की बाहेर बांधलेल्या म्हशीनं जबाब देला. पलीकडची बाई काय म्हणाली असेल? म्हणे, "जिनं बोलायचं ती उभी आहे मुकी, अन् बैलाशी मी काय बोलू?"

हे बबिताच्या डोक्यातून कसं निघालं मले माहीत नाही. आवाज तर तुहा काढला होता तिनं. तिनं तुले पाहिलं तेव्हा ती दहा वर्षांची होती.

नियम असा आहे की उणं टाकता येते. पण त्याचे जेवढे गुण घेतले तेवढे परत करा लागतात. म्हंजे डावीकडच्या पंधरा उसवायच्या अन् उजवीकडच्याही पंधरा उसवायच्या. बैलांची बोली देते म्हटलं तर खेमसिंग भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग माह्याशी कोण बोलेल वो वहिनी?" बैल होऊन एवढंच बोलले ते तीन आठवड्यांत. म्हटलं, ठीक आहे, गोफण देते, तीही पंधराचीच. गोफणीचं काय एवढं.

सुई घेऊन बसली आहे. पत्र टाकून मग उसवीन.

रामी

* * *

१३ जानेवारी २००७

जमने,

विजयमाला, हे हळू वाच. पण गाळू नको. तिनं 'बस कर' म्हटलं तरी गाळू नको.

गोफण उसवायची होती. आधी डावीकडून वैराच्या कवड्या काढायले घेतल्या. गाठ कापली, दोरा ओढला, अन् उजवीकडं काहीतरी खळकन सांडलं. पाहते तर मानाच्या कवड्या. मी दोरा वाचवायले म्हणून कपड्याच्या मागून तसाच पलीकडं नेला होता. वैर अन् मान, दोन्ही एकाच दोऱ्यात शिवून बसली होती. गोफण तशीच जागच्या जागी, एक कवडी हलली नाही. मानाची जागा रिकामी.

बबिता म्हणे, "राहू दे आजी, पुन्हा शिव, मी पाहिलं नाही." मी म्हटलं, नको.

तो कपडा याडीच्या फेटियाचा अर्धा भाग आहे. तू ओळखलंच असशील. आता त्याच्या काठावर माहा हात फिरला, जिथून कापला तिथं. उंदीर नव्हते, जमने. उंदरानं त्या फेटियाले कधी तोंड लावलं नाही. मीच कापली. कैचीनं. घर बंद करून, घामाघूम होऊन. जाड होती, आरशाजवळ कैची अडली होती.

याडी जायच्या आधी मले म्हणाली होती, फेटिया जमनीले दे. सात वर्षं तिचं सारं मी केलं, तिचं अंथरूण मी धुतलं, अन् शेवटी म्हणे जमनीले दे. तिले म्हटलं, देते. अन् ती गेल्यावर मले वाटलं, पुरी जमनीची होऊ देणार नाही. तुले सांगतलं असतं तर तू अर्धी काय, पुरी मले देली असती, हे मले माहीत होतं. तेच नको होतं. तू देलेली नको होती.

अन् तू साऱ्यांसमोर विचारलंस, बाई, उंदराचे दात सरळ रेघेत चालतात का? तेव्हा मी सेवाभायाची शपथ घेतली अन् म्हटलं, जमनी खोटी आहे, लहानपणापासून खोटी आहे. सारा तांडा माह्याकडून बोलला. तू त्याच दिवशी पायी निघाली, बससाठीसुद्धा थांबली नाही.

काल नायकाच्या घरासमोर बैठक होती, कापसाच्या ट्रकची. सारे बसले होते. बायाही होत्या. मी उठून उभी राह्यली. नायक पूनमसिंग म्हणे, "काय वो रामीबाई, तुमचाही कापूस टाकायचा का ट्रकात?" मी म्हटलं, कापसाचं नाही, फेटियाचं सांगायचं आहे. अन् सांगतलं. कैचीपासून शपथेपर्यंत. बबितानं ढिगावरून तिची कुबडी पाठवून देली होती, ती टेकूनच सांगतलं.

मले वाटलं, आता थुंकतात. तर पूनमसिंगाची म्हातारी सासू, ती दात नसलेली, म्हणे, "हे आम्हाले तवाच माहीत होतं."

"माहीत होतं?"

"उंदीर कुठं सरळ कुरतडते बाई?"

"मग तवा बोलल्या काहून नाही?"

"तुह्या तोंडाले कोण लागते?" अन् सारे हसले. खेमसिंग भाऊजीही हसले, बैल असून.

जमने, नऊ वर्षं मी ज्याले मान समजत होती तो मान नव्हताच, लोक माह्या तोंडाले भेत होते. पंधरा कवड्या! मी त्यासाठी तुले देली.

घरी येऊन हंसलीनं नदीच्या काठावर उभं राहून हाक मारली. मी मोठ्यानं मारली, खरीच. "जमनीऽऽ!" बबितानं विचारलं, गोष्टीतल्या बहिणीचं नाव जमनी आहे का. मी म्हटलं, हो. मग पलीकडची बाई काय म्हणाली? बबिता म्हणे, "ते मी कसं सांगू. तिची खेळणारी आली की ती सांगेल."

चोवीस तारखेले पिलास्तर निघते. एकोणतीसले पोट्टी पुण्याले जाते. तोवर लदेणी काठावर आहे अन् मीठ वितळून राह्यलं.

तुही रामी

* * *

६ फेब्रुवारी २००७

विजयमाला,

हे पत्र तुहं. तुह्या सासूचं नाही, ती तर इथं माह्या समोर बसून तुरीच्या शेंगा सोलून राह्यली अन् विचारते, काय लिहितेस एवढं? मी म्हटलं, सुनेले कळवते की तुले आणखी आठ दिवस सोडत नाही. म्हणून तू हे एकटीच वाच.

आधी तुह्यावर रागावते. पयल्या पत्रापासून ती घरात काय करून राह्यली होती हे तू एका शब्दानं कळवलं नाही! कार्डावर उंदीर लिहिले, हे नाही लिहिलं.

सव्वीस तारखेले शाळेत झेंडा झाला, पोट्टे बुंदी खात घरी येऊन राह्यले होते, अन् त्यांच्या मागं ती. हातात पिशवी. तेराव्याले जशी गेली होती तशीच पायी, फाट्यापासून. मी अंगणात होती. आपल्यात बाया दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून गात गात रडतात, तुले माहीतच आहे. नऊ वर्षांचं गाणं होतं ते, लवकर कसं संपेल? याडीपासून सुरू केलं, तुह्या लेकराच्या बारशापर्यंत आलो. नायक धावत आला, कोण गेलं, कोण गेलं म्हणत. बबिता कुबडीवर उभी, म्हणे, "कोणी गेलं नाही हो, आली आहे."

मग ती कापसाच्या ढिगावर चढून बसली, पिशवी उघडली, अन् काढला याडीच्या फेटियाचा दुसरा अर्धा भाग. कवड्या शिवलेल्या! डावीकडं उणं, उजवीकडं गुण, माह्या पत्रांतून ऐकून ऐकून. बबितानं मोजलं, एकही कवडी चुकली नाही. पंचवीस कवड्यांची पाण्याची ओळख, पंचवीस उण्याच्या परत घेतलेल्या, त्या अशा. दहा 'विसरत नाही' याच्या. मी म्हटलं, हे तर खरंच आहे. अन् पंधरा 'खोटं बोलता येत नाही' याच्या. त्या मी बोटानं पुन्हा मोजल्या.

वरती तिच्या बाईचं नाव लाल दोऱ्यानं. वाचलं तर 'रामी'. मी म्हटलं, "माहं नाव कायले?"

"मले कुठं लिहिता येते? तुह्या पत्राखाली तेवढंच एक सुटं होतं. पाहून पाहून शिवलं."

विजयमाला, पुढचं दोन मिनिटांनी लिहिते.

हं. तर सत्तावीसले, दुपारी, खेळ. अर्धा तांडा पाहायले. पडवीत, दारात, ढिगावर. धरमसिंगसुद्धा त्या दिवशी दिग्रसले गेला नाही. हंसलीनं हाक मारली, पलीकडून तुह्या सासूनं जबाब देला, "नऊ वर्षं लागली का नदी दिसायले?" अन् उतरली पाण्यात. पुढं ती, मागं बैल म्हंजे खेमसिंग भाऊजी, त्यांच्या शेपटीले धरून मी एकडोळी, पाण्याले भेणारी. मधात धार जोरात. बबिता म्हणे, इथं एकच फेक. बारा नाहीतर बाराच्या आत. जास्त आले तर बैलासकट सारे गेले.

जमनीनं फासे घेतले, कपाळाले लावले, टाकले. परातीत पाच आले. चार आले. तिसरा परातीच्या काठाले लागून उडाला अन् गेला कापसात.

सारे ओरडले. पाच अन् चार नऊ. तिसऱ्यावर सारं. जमनी सगळ्यात जवळ होती, तिनं हात घातला, अन् काढला फासा मुठीत. बबिता म्हणे, "मूठ कायले केली आजी? आता पुन्हा टाका लागेल."

जमनी म्हणे, "पडला तवा मी पाहिला. दोन होते."

नायक म्हणे, "दिसलं कोणाले?" कोणाले नाही. कोणीतरी मागून म्हटलं, आपल्या बाजूनं तर कोणीही दोनच म्हणेल. तुह्या सासूनं माह्याकडं पाहिलं. तेराव्याच्या दिवशीही तिनं असंच पाहिलं होतं.

मी ढिगावर उभी राह्यली. पाय कापसात गुडघ्यापर्यंत गेले. म्हटलं, "माही बहीण खोटं बोलत नाही. तवाही बोलली नव्हती. तिनं दोन म्हटलं म्हंजे दोन."

मग पूनमसिंगाची सासू म्हणे, "मग काय पाहता? काढा ना बैल बाहेर!" अन् काय सांगू तुले! खेमसिंग भाऊजी हंबरले, बाहेरून म्हैस हंबरली, पोट्ट्यांनी कापूस उधळला, धरमसिंग ओरडला नाही, उलट दोन मुठी त्यानंच उधळल्या. लदेणी पार झाली. मीठ पोचलं. चार तांड्यांत त्या दिवशी कढी खारट झाली म्हणे बबिता. मी आयुष्यात एवढी जिंकली नव्हती कधी, अन् माह्याकडं तर मानही नव्हता, गोफण होती फक्त.

पोट्टी पुण्याले गेली, चालत गेली. लदेणीची वही इथंच ठेवून गेली, म्हणे आता खेळ तूच चालव. परवा ट्रक आला, कापूस गेला. खोली रिकामी झाली तेव्हा बुडाशी एक फासा सापडला, पयल्यांदा हरवला होता तो. तेव्हा तो सापडलाच नव्हता, बबिताच्या पेटीतला दुसरा घेतला होता.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायले घेतलं ते. काल सकाळी मी बाहेर आली, तर जमनी उन्हात बसून तिच्या कपड्यावरच्या कवड्या उसवून राह्यली. एक एक, दातानं दोरा तोडून. समोर ढीग.

मी म्हटलं, "काय करून राह्यली वो? खेळ तर जिंकला."

"परत करून राह्यली. पंधरा."

"कोणत्या पंधरा?"

तिनं वर पाहिलं नाही. "खोटं बोलता येत नाही, त्याच्या."

मी तिच्याजवळ बसली. मग विचारलं, "किती होते जमने?"

"सहा."

मी हसायले लागली ते थांबता थांबेना. ती आधी रागावली, मग तीही हसली, तिचा पदर डोक्यावरून पडला. म्हणे, "नऊ वर्षांनी नदीत उतरली, एका फाशासाठी बुडू का?" मी माह्या डब्यातून मानाच्या पंधरा आणल्या, तिच्या पंधरांत मिळवल्या. याडीच्या फेटियाचे दोन भाग जोडले, कैची लागली होती तिथं, काठाले काठ लावून. तिनं त्या बाजूनं शिवत आणलं, मी या बाजूनं. जिथं फाटलं होतं तिथं आता तीस कवड्यांची रांग आहे, सरळ, उंदरानं कुरतडल्यासारखी.

पुरी झालेली फेटिया ती येताना घेऊन येईल. तिचीच आहे. याडीनं तसंच सांगतलं होतं.

अन् सहाचं कोणाले सांगू नको. हे पत्र तर मोठ्यानं वाचूच नको.

तुही मावससासू, रामी